व्हिटॅमिनचं सलाईन

३ मार्च, सोमवार

बिटाचा रस. परत! वर फेस, खाली गाळ, आणि रंग असा की ऑपरेशनच्या खोलीतूनच भरून आणलाय. माझी बायको सुमती म्हणते रक्त वाढतं. कालचा गव्हांकुराचा रस हिरवा होता, तो काय वाढवत होता ते विचारायचं राहिलं. प्यायलो. नाही म्हटलं की ती पेला घेऊन तशीच उभी राहते आणि ते बघवत नाही.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, काका, उजवा हात सुधारायचा तर रोज पानभर लिहा, काहीही लिहा. म्हणून ही वही. घरात सगळ्यांना वाटतं मी रामनाम लिहितो. वाटू दे. रामनाम म्हटलं की कोणी डोकावत नाही, चांगली सोय आहे.

तर आधी खरं लिहून टाकतो. या घरात ते ठेवायला दुसरीकडे जागाच नाही. माझ्या डोक्यातली गाठ साधी नाही. कॅन्सर आहे, मेंदूतला, सगळ्यात वाईट जातीचा. नोव्हेंबरात ऑपरेशन झाल्यावर मी डोळे मिटून पडलेलो, आणि पडद्यापलीकडे सर्जन माझ्या मुलाला, सर्वेशला, सगळं सांगत होते. माझं डोकं उघडलेलं, कान कुठे बंद केलेले? थोड्या वेळाने सुमती आत आली. तोंड धुऊन, पावडर लावून, टिकली नीट करून. "साधी गाठ होती हो. काढली." इतकं नीटनेटकं म्हणाली की मला ते मोडवेना. बरं झालं, म्हणालो.

तेव्हापासून ती नाटक करते आणि मी पहिल्या रांगेत बसून बघतो. सर्वेशही त्यात. सगळं घर पाकात बुडवल्यासारखं गोड झालंय. शिसारी येते!

५ मार्च

खालच्या मजल्यावरचे शहाळी घेऊन आले. "तब्येत सुधारलीय हां तुमची." केस गेले, गोळ्यांनी तोंड भोपळा झालंय, उजवा पाय ओढत चालतो. कुठली तब्येत दिसली यांना?

८ मार्च, शनिवार

डोंबिवलीहून ठाण्याला, माजिवड्याला. नवीन डॉक्टरीणबाई. मला बाहेर खुर्चीवर बसवून हातात पेपर दिला. लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात तसा. सुमती आणि सर्वेश एमआरआय घेऊन आत गेले. दार नीट लागत नव्हतं. लोकांना वाटतं डोकं बिघडलं म्हणजे कानही गेले.

गाठ परत वाढतेय. हे बाईंनी स्वच्छ सांगितलं. मग आवाज खाली गेला. त्यांच्याच रक्तातल्या पेशी... नवीन चाचणी... एवढंच तुटक कानावर आलं. आणि मग परत मोठ्याने, "नाही. त्यांना सगळं माहीत असल्याशिवाय मी काही करणार नाही. हे त्यांच्याशीच बोलावं लागेल."

सुमती म्हणाली, "ते खचतील हो. त्यांना नाही झेपायचं."

मला नाही झेपायचं! उठायचं, दार ढकलायचं आणि म्हणायचं, बाई, बोला माझ्याशी. चार पावलांचं काम होतं. सुमतीचा आवाज कापत होता. मी पेपरचं पान उलटलं.

बाहेर आली तेव्हा परत तेच हसू. "सगळं छान आहे म्हणाल्या. जरा ताकद यायला हवी." नाक्यावर तिने मला शहाळं पाजलं. या शहरात आजाऱ्याला दुसरं काही देतच नाहीत का?

९ मार्च

स्वतःचीच किळस आली आज. दाढी करताना आरशात बघवेना.

१३ मार्च, होळी

पुरणपोळी लोखंडासारखी लागली. गोळ्यांमुळे सगळ्याची तीच चव. छान झालीय म्हणालो. सुमती म्हणाली, आणखी एक घ्या. घेतली!

सुमतीचा भाऊ सुदेश आलेला. हा माणूस प्लॉट विकतो, आणि बोलायला लागला की माझं आयुष्यही प्लॉट असल्यासारखा बोलतो. स्वयंपाकघरात खुसफूस चाललेली. "ताई, त्या माजिवडावाल्या बाईचं सोड. नियम नियम करत बसेल. आपला माणूस आहे वागळेला. तिथे भावोजींना काय सांगायची गरजच नाय."

यावर सुमतीने सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. तो सुस्कारा मी इथे बाहेरच्या खोलीत ऐकला.

१५ मार्च, शनिवार

वागळे इस्टेट. नोकरीभर मी इथे व्हॉल्व्ह तपासले. ज्या गल्लीत आमची कंपनी होती, त्याच गल्लीत हे क्लिनिक. आमच्या वेळी तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास यायचा, हात धुतले तरी जात नसे. आता काचेचं दार, भिंतीवरून पाणी पडतंय आणि आत लॅव्हेंडरचा फवारा. त्या वासाखाली फिनेल. जुना वास प्रामाणिक होता.

समोर मोठ्या पडद्यावर सिनेमा. निळ्या चकचकीत पेशी येतात आणि काळ्या गोळ्यावर तुटून पडतात. गोळा फुटतो. मग म्हातारे नवराबायको बागेत हसतात. मग परत निळ्या पेशी. एक टायवाला सुमतीला समजावत होता की आपल्या रक्तातच सैनिक असतात, ते बाहेर काढायचे, त्यांना ट्रेनिंग द्यायचं आणि परत आत सोडायचे. सैनिकांचं ट्रेनिंग, वागळे इस्टेटला! सुदेश समोसा खात माना डोलावत होता. आम्हालाही दिले. कॅन्सरवर समोसा, वर हिरवी चटणी.

मग काउंटरवरच्या मुलीने आवाज खाली करून सर्वेशला विचारलं, "अंकलना माहितीये का?"

"नाही."

"नो प्रॉब्लेम सर. आमच्याकडे फॅमिलीलाच सांगतात. अंकलना आम्ही व्हिटॅमिनचं सलाईन म्हणतो."

मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतो! सर्वेशने थँक्यू म्हटलं. माझा मुलगा इंजिनियर आहे. कुठे काय तपासतात, कोणाची परवानगी आहे, कोण बरं झालं, एक प्रश्न नाही. मी मालकाला तोंडावर सांगायचो, साहेब, हा लॉट परत जाईल. मालक लाल व्हायचा. लॉट परत जायचा. खराब माल माझ्या हातून कधी बाहेर गेला नाही.

आणि आज त्यांनी माझं रक्त काढून घेतलं तेव्हा मी काय म्हणालो? "ताकद येईल ना?" टायवाला म्हणाला, "घोड्यासारखी." सगळे हसले. मीही.

१६ मार्च

सर्वेशने माझे पाय चेपले. लहानपणी चेपायचा तसे, अंगठ्याने. त्याला ओरडावंसं वाटलं आणि त्याच्या डोक्यावरून हातही फिरवावासा वाटला. दोन्ही केलं नाही.

२२ मार्च, शनिवार

दिलं आज. गढूळ पिवळट पाण्याची एवढीशी पिशवी. नर्स म्हणाली, "व्हिटॅमिन हं काका." सुमती शेजारी बसून माझा हात धरून होती. तिचे ओठ हलत होते. खरं रामनाम ती घेत होती.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते. या लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही. ती मुलगी, तो टाय, तो समोसा, सगळं आठवतंय. तरी नळीतून एकेक थेंब उतरताना मी मनात म्हणत होतो, जा रे बाबांनो, आत जा, खा त्याला. एकटक बघत होतो पिशवीकडे. शेवटचा थेंब नळीत अडकला तर नर्सला सांगितलं, तो पण जाऊ दे.

शी!

२४ मार्च

हुडहुडी, ताप, उलट्या. चादर दोनदा बदलली. क्लिनिकला फोन केला तर म्हणे रिअ‍ॅक्शन म्हणजे काम सुरू झालं, चांगलं लक्षण आहे, पुढच्या डोसची तारीख घेऊन ठेवा. सुदेशने अंगठा पाठवला, मोबाईलवर. सुमती कॉटच्या पायथ्याशी बसून राहिली. तिच्या पदराला उलटीचा वास येत होता आणि ती म्हणाली, "व्हिटॅमिन जरा जास्त झालं वाटतं."

तरीसुद्धा! मी हो म्हणालो.

३० मार्च, पाडवा

गुढी सर्वेशने उभारली. ताप गेला, पाय जास्त जड झालाय. प्रसादाचा कडुलिंब चघळला. महिन्याभरात पहिल्यांदा एका वस्तूची चव जशी असायला हवी तशी लागली.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी माझा मोबाईल वाजला. घरात मी एकटा, सुमती बाजारात. माजिवड्याच्या डॉक्टरीणबाई! सुमतीचा फोन लागत नाही म्हणाल्या, फाईलवर माझा नंबर होता. मग अडखळल्या. माझ्याशी काय बोलायचं आणि काय नाही, हा प्रश्न.

मी म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. बोला."

मग बोलल्या. खूप वेळ बोलल्या, आणि माझ्याशी. एका मोठ्या हॉस्पिटलात चाचणी चाललीय. रक्तातून पेशी काढतात, महिनाभर प्रयोगशाळेत त्यांना या गाठीची ओळख पटवतात आणि परत देतात, थेट डोक्यात. काही जणांची गाठ आक्रसली, काहींची पुन्हा वाढली, काहींना काहीच उपयोग झाला नाही. बरं करीन असं मी म्हणत नाही, म्हणाल्या, आम्ही अजून शिकतोय. इतक्या महिन्यांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. ऐकताना डोळे भरले. वाईट बातमीने असं होईल वाटलं नव्हतं!

एक जागा आहे. शुक्रवारी या.

आणि मग, "मधल्या काळात दुसरीकडे कुठे पेशींचं इंजेक्शन, सलाईन असं काही घेतलं नाहीत ना? घेतलं असेल तर आम्हाला घेता येत नाही. आत काय गेलंय ते माहीत नसताना हे दिलं तर जिवावर बेतू शकतं."

भेटून बोलतो, म्हणालो.

म्हणजे त्या शनिवारी दाराआड हे चाललं होतं. तेव्हा माझ्या अंगात त्या वागळेवाल्यांचा एक थेंब नव्हता. फक्त मला सांगायला हवं होतं, बस्स. ते सांगणं नको म्हणून यांनी जिथे सांगत नाहीत असं दुकान शोधलं. आणि मला माहीत होतं! मी पेपर वाचत बसलो! कोणावर थुंकू? सुदेशवर थुंकून काय होणार.

२ एप्रिल

सांगितलं सुमतीला. ती मेथी निवडत बसली होती. मी आजाराचं नाव घेतलं, मराठीत, इंग्रजीत, सर्जनने घेतलं होतं तसं. तिचे हात थांबले.

"कधीपासून माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं रडेल. नाही रडली. हातातली मेथी ताटात टाकली. मग म्हणाली, "मग इतके दिवस मला एकटीला का ठेवलंत?"

मी आपला समजत होतो की मी तिला सांभाळतोय.

मग फोनचं सांगितलं. आशा अशी वाईट असते, तिचा चेहरा क्षणात पालटला. वागळेचं सांगायचंच नाही म्हणाली. कोणाला कळणार? सुदेशला गप्प करते, सर्वेशला सांगते, आपण म्हणायचं व्हिटॅमिनचं सलाईन. त्यांनीही तेच म्हटलं होतं ना?

मी खवळलो. कधी नव्हे तो तिच्यावर आवाज चढवला. खोटं, खोट्यावर खोटं, आणि आता माझ्या तोंडून! सगळी नोकरी मी खराब माल परत पाठवण्यात काढली, आता शेवटी त्यावर शिक्का मारू? या घरातून एकदा तरी कोणीतरी खरं बोलेल, आणि ते मी बोलेन. शुक्रवारी. मग त्या घेवोत नाहीतर न घेवोत.

वाटी आपटली तिने आणि आत गेली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

३ एप्रिल

सुमतीने आज बीट दिलं नाही. चहा दिला, साधा, आल्याचा. म्हणाली, "पटलं मला. खरंच सांगू उद्या. तुमच्या जिवाला धोका नको." पावडर लावली नव्हती. म्हातारी दिसते. मी पण दिसत असेन.

४ एप्रिल, शुक्रवार

माजिवडा. आज मला आत बसवलं, टेबलासमोरच्या खुर्चीत. बाईंनी विचारलं, काय आजार आहे माहीत आहे ना? मी नाव घेतलं. बाईंनी मान हलवली.

मग दुसरा प्रश्न, पेशींचा. सुमतीने श्वास घेतला, सांगायला तोंड उघडलं.

तिच्या आधी मी बोललो. "नाही हो. व्हिटॅमिनचं सलाईन घेतलं होतं फक्त."