कोळंबीचा एक पाय

याकूबदादा,
सप्रेम सलाम.

आज सुरतेकडच्या आपल्या तळ्यांवर तपासणीवाली मॅडम आली. माझी कोळंबी टणाटण उड्या मारत होती. तिचा इवलासा पाय मॅडमनं यंत्रात ठेवला, आणि तासाभरात यंत्रानं पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दाखवला. अंगावर ठिपका एकही नव्हता, दादा! मी बघतच राहिले.

मग ती म्हणाली, "एका तळ्याचं ओलं जाळं दुसऱ्यात घालू नका. रोग जातो."

गेल्या वर्षी रविवारच्या कालवणासाठी मी माझ्या तळ्यातलं ओलं जाळं तुझ्या तळ्यात टाकलं होतं. माझी कोळंबी तेव्हाही अशीच उड्या मारत होती. आधी तुझी मेली, मग माझी. रोग तुझ्याकडून आला म्हणत तळ्यांच्या मालक शेठनं तुला कामावरून काढून नवापूरला घालवलं.

एवढ्याशा पायात त्या यंत्राला सगळं दिसलं. मी माझा हात ठेवला असता तर?

हेही पत्र न पाठवता बायबलातच ठेवते.

तुझी बहीण,
ग्रेसी