गॅरेजखालची राखड

बाबा, तुमच्या गॅरेजची खोली करायला घेतली आहे. ट्रॅक्टर विकल्यापासून तिथं नुसतं भंगार पडलं होतं. आईला आता जिना झेपत नाही. मागच्या महिन्यात तिचा पाय घसरला, कठडा हाताशी आला म्हणून वाचली. तेव्हाच ठरवलं, तिला खाली आणायचं. शटरच्या जागी भिंत आणि खिडकी सुट्टीच्या दिवशी मीच बांधणार आहे. नगर परिषदेत नकाशा दिला आणि पाहणीला कधी येतात याची वाट पाहत राहिलो.

भिंतीसाठी कडेची एक फरशी उचलली तर खाली पोकळ. हात घातला, मनगटापर्यंत काळी राखड. एकदम लहानपण समोर आलं: तुम्ही राईस मिलमधून ट्रॉली भरून जळलेल्या कोंड्याची राखड आणता, तिच्यावर पाणी मारता आणि आम्हा भावंडांना म्हणता, "नाचा रे पोट्टेहो, चांगली दबली पाहिजे." आम्ही पाय काळे होईपर्यंत नाचतो. मिलजवळच्या सगळ्याच घरांत तेव्हा फरशीखाली हीच भर घालत. मुरूम लांबून आणावा लागे, राखड दारात मिळे.

परिषदेचा इंजिनिअर आला, तेव्हा फरशी मी परत बसवून ठेवली होती. त्यानं छताची उंची पाहिली, खिडकीची जागा मोजली, मान हलवली. आता सही होणारच होती. मला मात्र तिथं आईचा पलंग दिसायला लागला, उतरताना ती पाय टेकवेल ती जागा दिसायला लागली. मीच म्हणालो, "साहेब, खाली राखड हाय."

तो हसला. "अख्ख्या तुमसर गावात राखड नसलेलं घर दाखवा मले, बक्षीस देतो! पण राखड खचते, अन् इथं माणूस राहणार हाय ना भाऊ, मंग नाही चालत. सगळी काढा, मुरूम भरून चांगला ठोका, अन् मंग बोलवा मले."

म्हणजे परवानगी थांबली आणि आई अजून वरच. रोज घमेल्यानं राखड काढतो आणि कान जिन्याकडे ठेवतो. काल ती कठडा धरत खाली आलीच.

"काहून खोदून राहिला रे? तुह्या बाबानं भरलं हाय ते. हत्ती उभा केला तरी दबत नाई."

"पाण्याचा पाइप टाकाचा हाय, आई."

तिला पटलं. ती एकेक पायरी चढत वर गेली, आणि वरचं दार लागेपर्यंत मी घमेलं खाली ठेवलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही आज हयात असता आणि विचारलं असतं, तर तुम्हालाही मी पाइपच सांगितला असता.