सव्वीस तारखेचा लाल गोल

३० ऑक्टोबर
वांग्याच्या पानामागे अंडी! पाठीवर ढाल असलेल्या हिरव्या किड्याची. चौसष्ट. अंडं, पाच वेळा वाढणारं पिल्लू, शेवटी पंखवाला: सात फोटो. फोटो क्लबच्या स्पर्धेची शेवटची तारीख २७ नोव्हेंबर.
नवरोबा भूपेंद्र म्हणाले, "शिलाई मशीन झालं, हार्मोनियम झालं, आता किडे. तुझं एक तरी काम तडीस गेलं का?"
उत्तर फोटो देतील.

३१ ऑक्टोबर
हिशेबाने पंख २६ला. कॅलेंडरवर जाड लाल गोल केला. सासूबाई, म्हणजे अक्का, खूश. म्हणाल्या, "या घरमा कोनले तरी ध्यान शे!" म्हणजे कुणाला तरी भान आहे. झाडं सुरक्षित. अक्कांनी आषाढापासून वांगं सोडलंय.

५ नोव्हेंबर
पिल्लं निघाली. फोटो किंचित हलला. कलात्मक वाटतो.

९ नोव्हेंबर
दुसरी अवस्था हुकली. दुपारी डोळा लागला. तिसरीचेच दोन काढीन, परीक्षकांना काय कळतंय!

१४ नोव्हेंबर
नऊ उरली. यापुढे दुपारची झोप बंद.

१५ नोव्हेंबर
आजचा दिवस सोडून.

१९ नोव्हेंबर
एकच उरलंय. उठल्याबरोबर आधी त्याला बघते. लेक किरण होस्टेलला गेल्यापासून कुणासाठी इतका जीव टांगणीला लागला नव्हता.

२३ नोव्हेंबर
ते आता सगळ्यात मोठ्या वांग्यावर बसतं. अक्काही रोज झाडापाशी येतात, वांगं हलकेच दाबून बघतात. आज असोदा गावाहून कपाशीच्या काड्या मागवल्या. झाडांना आधार द्यायला असणार. न सांगता माझ्या कामात आल्या. मन भरून आलं.

२६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
कात टाकली! शेजारीच तो, पंखांसकट. उजेड कमी, बॅटरी संपत आलेली. चार्जिंगला लावते. तासाभराने काय बिघडतंय?

दुपारी २
तासाभराचे आठ तास झाले. झाडावर नुसती देठं. मागच्या अंगणात काड्यांचा जाळ, त्यावर सगळी वांगी.
"अक्का, हे काय?"
"आज चंपाषष्ठी ना, बेटा! वांगं खावाना दिन. तूच तं लाल गोल करेल शे."
कॅलेंडर पाहिलं. गोलाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं.
किडा? "व्हता एक हिरवा. वास मारे. उडी गया." कात वांग्याबरोबर भाजली गेली.
भूपेंद्रांनी माझ्या ताटात भरीत वाढलं, तेही दोनदा.
उडाला म्हणजे पंख नीट सुकले होते. त्याचं तरी तडीस गेलं.