ढाबळ मोडून टाक

प्रिय युए-शिया,

मी खुशाल आहे. तैपेईच्या या इस्पितळातली पेज इतकी पातळ आहे, की तुझ्या हाताचीच आठवण यावी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सिगारेट ओढता?"

"बायको ओढू देत नाही."

"मग घरी काही पाळता?"

गच्चीवर शर्यतीची कबुतरं आहेत म्हटल्यावर त्यांनी मानच हलवली. पिसांची नि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, आत सूज येत राहिली आणि शेवटी वण पडले. फुफ्फुस आता जुन्या चपलेसारखं ताठरलंय. पडलेले वण जायचे नाहीत. पण धूळ थांबली, तर दुखणंही बहुधा थांबेल. तेव्हा मी अजून पुष्कळ वर्षं तुझं डोकं खाणार.

हे सगळ्यांनाच होतं असं नाही. पण सध्या कबुतरांची ढाबळ तू झाडतेस. परवा फोनवर खोकलीस, ती मिरचीमुळेच ना? उद्याच छाती तपासून घे.

वर जाऊ नकोस. शर्यत मंडळाची माणसं मास्क लावून कबुतरं नेतील. ती उडून परत येतील. मी जन्मभर त्यांना तेवढंच शिकवलंय. ढाबळीचं दार उघडू नकोस.

आणि मी यायच्या आत माणसं लावून ढाबळ मोडून टाक. नाहीतर घरी आल्यावर मीसुद्धा आधी तिथंच जाईन.

आजपासून आधी तुझा, मग कबुतरांचा,
जिन-शुन