तीन दगडांची खूण

चौसाळा,
दि. २० एप्रिल २०२५

ती. स्व. परमेश्वरमामांस,
भाची वनमालाचा वाकून सा. न. वि. वि.

माय आणि मी खुशाल आहोत. तुमचा प्लॅस्टरमधला पाय कसा आहे? माय म्हणते, साठी उलटल्यावर पाखरांमागं बांधावरून उड्या मारायला कुणी सांगितलं होतं. मी तुमची बाजू घेतली नाही, कारण तिचं बरोबर आहे. दादा मोठा कळप घेऊन तलवाड्याकडे गेलेत, तिकडच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायला. कोकरं आणि थकलेल्या मेंढ्या माझ्याकडे आहेत.

आता यंदाची नोंद. तुम्हाला उठता येत नाही तोवर तुमचे डोळे मी, असं आपलं ठरलंय. ओढ्याच्या वर माळटिटवीनं चार अंडी घातलीत. रोज माझ्या अंगावर धावून येते आणि सुभद्राआत्यासारखी कानीकपाळी ओरडते. धाविक पाखरांची जोडी तीनदा दिसली.

आणि मामा, आता नीट बसून वाचा. शुक्रवारी गवतातून एक पक्षीण उठली. माझ्या कमरेएवढी, करडी मान, डोक्यावर काळी टोपी. घरी येऊन तुमच्या पुस्तकातलं चित्र तीनदा पाहिलं. माळढोकच. खाली एकच अंडं, मातकट हिरवं. मी आल्या पावली मागं सरले आणि दहा पावलांवर, दादांनी लेकीला शिकवलेल्या रीतीनं, तीन दगड त्रिकोणात ठेवले. इथं घरटं आहे, कळप वळवा, एवढं आपल्या माणसांना त्यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथकाकांनी लांबूनच मेंढरं वळवली. काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. टिटवीला मात्र दगड लागत नाहीत, तिच्या ओरडण्यानंच मेंढ्या वाट सोडतात.

हे तुमच्या वहीबाहेर जाऊ देऊ नका. लोभ आहेच, तो उन्हानं कमी होणारा नाही.

आपली,
वनमाला

---

बीड,
दि. २५ एप्रिल २०२५

चि. वनमाला हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा डोळ्यांत पाणी आलं. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढली, तेवढीच वर्षं या जिल्ह्याचे माळ तुडवले. माळढोक एकदा दिसला, तोही उडत लांब जाताना. आणि तुझ्या कोकरांच्या वाटेवर तो संसार मांडतो! नशीब काढलंस पोरी.

अंड्याजवळ पुन्हा जाऊ नकोस. ती सुमारे सत्तावीस दिवस बसते. उठवलीस तर अंडं उन्हात भाजून निघेल, नाहीतर कावळे टपलेलेच असतात. लांबून बघ आणि लिही. फोन करत जाऊ नकोस, मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं शेजारच्या धनश्रीला ऐकू जातं.

आमच्या पक्षीमित्र मंडळात सध्या उन्हाळ्यातल्या पक्ष्यांची यादी चालू आहे. दरवर्षी मला चिमण्या-कावळेवाले म्हणून चिडवतात. यंदा मी जरा तोंड उघडलं, पण काळजी करू नकोस, पक्ष्याचं नाव सांगितलं नाही. आपल्या लोकांच्या रीतीचं मात्र सगळ्यांना कौतुक वाटलं.

माझ्या बहिणीला म्हणावं, शिव्या कमी दे. ममता अशीच राहो, आणि पत्र लवकर येवो.

तुझा,
परमेश्वरमामा

---

चौसाळा,
दि. ३ मे २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

टपालाची वाट बघवत नाही आणि फोन केला तर धनश्री ऐकेल, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. मला भीती वाटते, मामा.

काल हायवेवरच्या हॉटेलापाशी एका पांढऱ्या जीपमधून तिघे उतरले. माय गूळ आणायला गेली होती. त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं म्हणे, धनगर लोक तीन दगड कुठं मांडतात. अंडी पाहिजेत, लई मोलाची हायेत, दाखवील त्याला खुश करू. त्यांच्याकडे एक थर्माकोलचा डबा होता, आत कापूस घातलेला. माय गूळ न घेताच परत आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, कावून सांगितलंस गं कुणाला. मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सोडून.

आज दुपारी ती जीप माळाच्या त्या टोकाला फिरताना दिसली. मी कोकरांमध्ये खाली बसून राहिले. माळावर माणूस नाही, दादा तलवाड्याला, आणि माझ्या हातात एक काठी. माझ्यासाठी भ्याले की माळढोकसाठी, ते मला सांगता येणार नाही. ती अजून बसलेली आहे. मान खाली घालते तेव्हा गवतच वाटते, पण तीन दगड दुरून दिसतात.

दगड उचलले तर गहिनीनाथकाकांचं आणि बाकीच्यांचं मेंढरू अंड्यावरून जाईल. ठेवले तर ही माणसं येतील. काय करू ते लगेच कळवा.

तुमची,
वनमाला

---

बीड,
दि. ४ मे २०२५

चि. वनमाला,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

चूक माझी आहे. मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं की चौसाळ्याच्या माळावर एक अतिदुर्मिळ पक्षीण अंड्यावर आहे आणि आमचे धनगर तिच्याजवळ तीन दगड मांडून तिला जपतात. नाव लपवलं, एवढ्यावर मी स्वतःला शहाणा समजलो. पत्ताच सांगून बसलो हे लक्षात आलं नाही. शंभर जणांनी वाहवा केली. त्या शंभरांतून ते कुठं कुठं गेलं कोण जाणे. पुसून टाकलं आहे, पण आता त्याचा उपयोग काय?

धनश्रीकडून वनरक्षकांना फोन करवला. ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वणव्यावर आहेत, परवा सकाळी येतो म्हणाले. तोवर तू माळावर जाऊ नकोस. अंडं गेलं तर जाऊ दे. मला भाची पाहिजे. दगड मात्र जमलं तर उचल, आणि गहिनीनाथला सांगून ठेव.

काल रात्रीपासून जेवण जात नाही. प्लॅस्टर फोडून निघावंसं वाटतं. माझ्यावर रागव, पण बोलणं सोडू नकोस.

मामा

---

चौसाळा,
दि. ९ मे २०२५

ती. स्व. मामांस,
वनमालाचा नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते.

तुमचं पत्र पाच तारखेला सकाळी कंडक्टरकडून मिळालं. माय नको म्हणत होती, तरी मी गेले. दगड उचलून साडीच्या ओच्यात घेतले. गहिनीनाथकाकांना निरोप दिला होताच. घरी यायला वळले तेवढ्यात जीपचा आवाज आला. ती माणसं सगळा माळ चाळत होती. दगड दिसले नसते तर ती दिवसभर फिरली असती आणि माळढोकला उठवलं असतं. काहीतरी सापडल्याशिवाय ती जाणार नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं.

मी ओढ्याकडे धावले आणि ते तीन दगड माळटिटवीच्या अंड्यांजवळ मांडले.

मग बाभळीआड बसले. टिटवी माझ्यावर ओरडली तशीच त्यांच्यावर ओरडली. तिचं ओरडणं ऐकूनच ते तिकडे वळले. मेंढ्या वाट सोडून गेल्या असत्या, ही माणसं होती. पाखराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, तीन दगड बघून एक जण हसला. चारही अंडी कापसात ठेवली, डबा बंद केला आणि निघून गेले. मामा, मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

सहा तारखेला वनरक्षक आले. आता दोघे जण लांबून पहारा देतात. माळढोक अंड्यावर आहे. ते म्हणाले, पोरी, मोठं काम केलंस. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

काल दादा तलवाड्याहून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, आपल्या दगडांनी आजवर कुणाचा घात केला न्हवता. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

टिटवी अजून त्याच जागी येते. रिकाम्या खळग्यात बसते, उठते, पुन्हा बसते. मी गेले की ओरडत नाही. ते दगड मी अजून उचललेले नाहीत, मला तिथं हात लावायची भीती वाटते.

तुमच्या वहीत माळढोकची ओळ कोरी ठेवा. टिटवीची मात्र लिहा. माळटिटवी, चौसाळा, अंडी चार, पाच मे रोजी नेली. दाखवणारी, वनमाला धुळाजी.

लोभ ठेवता आला तर ठेवा. माझा तुमच्यावर आहे, पण सध्या पत्र लिहायला हात धजत नाही.

वनमाला