जयसिंग धोक्याच्या पातळीखाली

चिंचवड, रविवार

प्रिय जयसिंगराव,

सप्रेम नमस्कार, आणि भूमच्या तुझ्या खव्याच्या भट्टीला दुरूनच दंडवत. तब्येत कशी आहे? हे रीतीपुरतं विचारत नाही, राव. गेल्या मंगळवारी तू पिंपरी-चिंचवडात अत्यवस्थ होतास, आणि त्याला कारण मी. वहिनींना कुणाचा रडवेला फोन आला असेल तर आधी त्यांची समजूत घाल, मग पुढचं वाच. मी फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि मागं कढईत उलथनं खणखणत असतं.

तू खव्याच्या नादी लागून गावी गेलास, त्यानंतर आपली कंपनी भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधून आकुर्डीत चौथ्या मजल्यावर आली. काम तेच, चाकणच्या कारखान्यांतल्या नट आवळणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम. आपल्या वेळी तू प्रोग्रॅम बदलायचास, मी तो स्कूटरवर चाकणला न्यायचो, आणि फोरमननं आईबहिणीपर्यंत मजल मारली नाही तर बदल पास. (शिव्या किती, हेच आपलं मोजमाप. शिवाय ते चुकत नसे.) आता कुणी एक ओळ जरी बदलली तरी ती आपोआप तपासण्यांतून फिरते आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडे लागतात. याला पाइपलाइन म्हणतात. (आमच्या सोसायटीच्या पाइपलाइनसारखी दिवसाआड नाही, ही चोवीस तास वाहते.) आमची टीम लीड मिनल माझ्या लेकीच्या वयाची. मला काका म्हणते आणि काकालाच कामाला लावते. तिनं फर्मान काढलं, की तयार आकडे पुरत नाहीत, प्रत्येकानं आपापलं एक मोजमाप पाइपलाइनीत घालावं. कुणी तपासणीला लागणारा वेळ मोजला, कुणी प्रोग्रॅमचा आकार. मी तुला मोजलं.

म्हणजे असं, की प्रत्येक बदलानंतर तू लिहिलेल्या ओळींपैकी किती शिल्लक आहेत, तो आकडा. मोजमापाचं नाव 'जयसिंग'. तुझ्या फंक्शनांची नावं आठवतात ना? 'थांब जरा', 'झालं का', 'परत बघ'. ती तू इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलीस, त्यामुळे चेन्नईहून आलेले आमचे एक इंजिनियर 'थांब' हे कुणी जर्मन शास्त्रज्ञ समजून त्यांचा ग्रंथ शोधत होते. मी म्हटलं, साहेब, शास्त्रज्ञ आहेत, पण भूमचे. हल्ली खवा करतात. त्यांनी आदरानं मान हलवली.

तर मंगळवारी कुणीतरी जुना माल साफ केला, आकडा मी ठरवलेल्या रेषेखाली गेला आणि यंत्रानं इशारा धाडला, 'जयसिंग धोक्याच्या पातळीखाली. तातडीने लक्ष द्या.' तो आम्हा कामाच्या लोकांपुरता राहिला असता तर ठीक. पण तुझी खुशाली जुन्या मंडळींनाही कळावी, म्हणून मी हौसेनं शेडमधल्या लोकांचा ग्रुपही त्याला जोडून ठेवला होता. (तू तो सुप्रभातांना कंटाळून सोडलास.) आणि त्या ग्रुपात कुसुमताई आहेत. त्याच, शेडमध्ये हिशेब सांभाळता सांभाळता आपल्या दोघांना भाकरी खाऊ घालणाऱ्या. ताईंनी काही विचारलं नाही. मऊ भाताचा डबा भरला, बस पकडली आणि पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डावॉर्डातून तुला शोधत सुटल्या. दुपारी मला फोन. "रविराज, जयसिंग हाय हितं, पर आपला न्हाई. ह्याचा पाय मोडलाय." मी घाबरून म्हटलं, ताई, मग तुम्ही परत या. तर म्हणाल्या, "येते की. पर भुकेला व्हता, आधी जेवू घालते." त्या बिचाऱ्या जयसिंगला अजून सुट्टी मिळालेली नाही आणि ताईंचा डबाही थांबलेला नाही.

मिनलनं मला खोलीत बोलावलं. इशारा बंद करायला लावला. मग हळूच विचारलं, काका, हे मोजून नट जास्त चांगला आवळला जातो का? मी जुन्या ओळी, जोखीम, गुणवत्ता असं बरंच मोठमोठं बोललो. तिनं ऐकून घेतलं. तुझ्या ओळींपैकी आता 'थांब जरा' तेवढं उरलंय, आणि नवी यंत्रं काम झालं की स्वतःच कळवतात, त्यामुळे तेही लागत नाही. येत्या शुक्रवारी ते काढायचं, आणि काढायचं मी. असो. गुणवत्तेसाठी हे व्हायलाच हवं, माझी काही तक्रार नाही. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
रविराज

ता.क. : थोडा खवा मिळाला तर बरं. तुझ्या दिपालीवहिनीला गुलाबजाम करायचे आहेत.

ता.क. (दुसरा) : गुलाबजाम मला खायचे आहेत. आणि वर गुणवत्तेचं लिहिलंय तेही तसलंच. सकाळी कामावर आलो की पडद्यावर तुझं नाव दिसायचं, बरं वाटायचं, एवढंच. तू गेल्यापासून माझ्याशी भांडायला इथं कुणी नाही. सगळे काका म्हणतात आणि ऐकून घेतात.

ता.क. (तिसरा) : खवा एसटीनं पाठवू नकोस, घेऊन ये. शुक्रवारच्या आत ये. मिनलला विचारलंय, शेवटची ओळ तू स्वतः काढलीस तर तिची हरकत नाही. फोनवर 'हं, काढ' म्हणशील तर मी काढीनही. पण जयसिंग, त्यानंतर पडद्यावर तुझ्या नावापुढे शून्य येईल, आणि ते मला एकट्याला बघवायचं नाही.