सात पानांचं पॅनल

३ एप्रिल २०१६, रविवार
वायरवाल्यानं फुकट दिलेली डायरी आजपासून वापरायची. ठराव: चिडायचं नाय.
हर्सूलकडच्या नव्या बिल्डिंगीचं पॅनल आपल्याला मिळालं. नळाला पाणी आलं की पाइपातला व्हॉल्व्ह आन मोटर आपोआप सुरू, वरची टाकी भरली की बंद. नळ चार दिवसांनी येतो, तो बी तासभर. हे चाललं की त्या रस्त्याच्या बाकी बिल्डिंगा आपल्याच. शेडवर बोर्ड लावायचा: मुक्ताबाई पॅनल वर्क्स. रंग ठरला. निळा.

५ एप्रिल
माझी भाची विशाखा माझ्याकडंच राहून डिप्लोमा झाली. तिनं सर्किट कॉम्प्युटरात काढलं. सात पानं, एकेका भागाचं एकेक! एका पानात मावत नाय का, तर म्हणे आत्या, अटी तुझ्याच एवढ्या हायेत. आता खोटं पाणी सोडून कॉम्प्युटरातच चालवून बघायचं म्हणती. खोटं पाणी! इथं खरं मिळंना.
अटी माझ्याच, अनुभवाच्या. व्हॉल्व्हच्या पानावर: मोटर सुरू झाल्याबिगर उघडायचं नाय, पाणी उलटं जातं. मोटरच्या पानावर: व्हॉल्व्ह उघडल्याबिगर सुरू व्हायचं नाय, कोरडी जळती. हातानं चालवायचा स्विच काढायला लावला. आपोआप म्हटल्यावर हात कशाला?

७ एप्रिल, दुपारी
सातही पानं एकत्र चालवली. पडद्यावर काहीच हललं नाय. व्हॉल्व्ह गप, मोटर गप. कॉम्प्युटर अडकला. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. विशाखा किंचाळली. म्हणे अडकला नव्हता, तेच उत्तर होतं. गप बसणं हे उत्तर असतं व्हय? मग माझा नवरा जन्मभर उत्तरंच देत होता.

८ एप्रिल
युक्ती माझी. एकेक पान वेगळं चालवायचं. व्हॉल्व्हचं पान इचारतं, मोटर सुरू झाली का? म्हटलं, व्हय दाब. उघडला! मोटरचं पान इचारतं, व्हॉल्व्ह उघडला का? व्हय दाब. सुरू! सातही पास.
विशाखा म्हणती, दोन्हीकडं तूच व्हय म्हणतीस, तिथं कोण म्हणणार? अजून दोन दिवस दे. पोरीला फाटे फोडायची सवय.
आम्ही तिघी जावा बी एकेकटीनं गुणाच्या होतो. एका चुलीवर आलो की भांडी वाजायची. पण पॅनलला कुठं चूल असती.

९ एप्रिल
विशाखा बॅग उचलून गंगापूरला बापाकडं गेली. जाताना म्हणाली, आत्या, तू ऐकशील तेव्हा येईन. म्हटलं जा, एसटी उभीच असंल.
चिडले नाय. आवाज तेवढा मोठा झाला.

१३ एप्रिल, सकाळी
पॅनल बसलं. आज नळाचा दिवस. बायका गॅलरीत. चेअरमन नानासाहेब नारळ घेऊन उभे. मी नवी साडी.

दुपारी
पाणी आलं. व्हॉल्व्हचा पिवळा दिवा लागला: मोटरची वाट बघतोय. मोटरचा पिवळा दिवा लागला: व्हॉल्व्हची वाट बघतीय. दोघं जागचे हलेनात. नानासाहेब म्हणाले, बाई, हातानं चालवा की. स्विच कुठाय?
वरून एक म्हातारी ओरडली, नव्या नवरानवरीसारखं चाललंय, आधी कोण बोलणार!
नळ गेला. टाकी ठणठणीत. नानासाहेब नारळ परत घेऊन गेले. टॅंकरला फोन लावत.
नळाचं प्रेशर कमी होतं. दुसरं काही नाय.

१४ एप्रिल
जयंती. शेड बंद. दरवर्षी सकाळी पहिला जयभीम विशाखाचा. आज नाय.
भाऊ सर्जेरावचा फोन आला. म्हणाला, पोरगी मोबाइल मांडीवर घेऊन बसलीय, आत्यानं बोलावलं की पहिल्या गाडीनं निघती. पॅनल कशानं बंद पडलं ते बी तिला ठावं हाय म्हणे.
म्हटलं, तिनं फोन केला की लगेच बोलावते. एवढी साधी गोष्ट.
नानासाहेबांचा फोन दोनदा वाजला. उचलला नाय. लाइन मोकळी ठेवायला पायजे.